रिटर्न

कुरिअरचा पोरगा गाडी बंद करत नाही.
बोळाच्या तोंडावरूनच ओरडतो, "चिलवेरी, रिटर्न!"
अख्ख्या साखर पेठेला कळतं
की आमचं काहीतरी कुणाला तरी नको झालंय.

पिशवी आमचीच. चिकटपट्टी परकी.
कारण छापलंय: रंग फोटोसारखा नाही.

रंग फोटोसारखा कसा असेल?
फोटो मी काढते सकाळी सव्वासातला,
गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकवून.
आठनंतर सोलापूरचं ऊन
डाळिंबीचा विटकरी करून टाकतं.
हे एकदा वर्णनात लिहिलंही होतं.
भार्गवीनं खोडलं. म्हणाली,
"काकू, एवढं कोण वाचतं?"

रकाने भरायचे असतात.
लांबी, रुंदी, वजन, धुवायची रीत.
"बनवायला लागणारा वेळ" इथं
नुसता आकडा चालतो.
मामांना विचारलं. धोटा हातातच धरून म्हणाले,
"गुडघा बरा असला तर तीन दिवस.
नसला तर तुझ्या अत्तेला विचार."
मी तीन लिहिलं.
अत्तम्मा सुपातल्या विड्यांवरून मान वर न करता म्हणाली,
"पाच लिही."

तर ती चादर
मागाच्या खड्ड्याच्या काठावर उलगडली.
घडी आमची नव्हती.
आधी हळदीचा वास आला,
मग त्याच्या मागून दुधाचा, जरा आंबूस.
आणि खालच्या कोपऱ्यात, मोराच्या पायाशी,
काजळाचं एक बोट.

"वापरून पाठवली!" मी कडाडले.
"बारसं उरकून घेतलं आपल्या चादरीवर, फुकटात!"

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला.
तुटका धागा शोधावा तसं
नाक पार कापडाला लावलं.
"मुलगी असेल का मुलगा?"
हे त्यांनी मला विचारलं नव्हतं.

मी मात्र तक्रार टाकली.
सहा फोटो, मुदतीच्या आत.
चौदाशे पन्नास म्हणजे चौदाशे पन्नास.
वर जायचं भाडं, यायचं भाडं.
सूतवाल्याला असं सांगता येत नाही
की या महिन्यात एक बाळ झालं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं:
डाग स्पष्ट दिसत नाही.

मामा हसले, खोकला येईपर्यंत हसले.
"म्हणजे पुसायला बघितलंय त्यांनी.
माणसं नीट आहेत."
माणसं नीट असती तर, मी म्हणणार होते,
पण तोवर पावडीवर पाय पडला होता
आणि मागापुढं माझं कधी ऐकू गेलंय?

एक तारा दिला होता. पाचातला एक.
खाली उत्तर द्यायला जागा असते.
मी लिहिलं, बाळाचं नाव काय ठेवलं.
खोडलं.
लिहिलं, लाज वाटली पाहिजे.
तेही खोडलं.
आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.

नवी म्हणून विकता येईना.
अत्तम्मा म्हणाली, उशांचे अभ्रे कर.
मामा काही बोलले नाहीत,
पण कात्री दोन दिवस सापडली नाही.

आता ती गच्चीवर असते.
टॉवेल असो, पंचा असो, भिंतीवरचा हत्ती असो,
खाली तीच अंथरलेली,
वर विकायचा माल.
परवा पुण्याच्या एका बाईनं विचारलं,
खाली अंथरलीय ती केवढ्याला?
ती विक्रीला नाही, मी लिहिलं,
आणि माझं मलाच जरा नवल वाटलं.

भार्गवी फोन डोळ्यांजवळ नेते.
"काकू, कोपऱ्यात काळं येतंय. कापू?"
जिन्यातून अत्तम्माचा आवाज, धापा टाकत:
"तीट आहे ती. राहू दे."

सात वाजून चाळीस मिनिटं.
ऊन टाकीच्या झाकणापर्यंत आलंय.
अजून चार टॉवेल राहिलेत,
आणि खालून तो पोरगा,
गाडी चालूच ठेवून,
आमचं नाव घेतोय.