बंद असताना

कणकवलीच्या शोरूममधला पोरगा विचारतो,
रोजचं रनिंग किती?
मी म्हणतो, मिठबाव ते देवगड, जाऊन येऊन.
पहाटे साडेतीनला निघायचं,
चारला बर्फाच्या कारखान्यात हजेरी.

साडेतीनला एसटी नसते.
आजवर नरहरीच्या टेम्पोत
रिकाम्या क्रेटांवर बसून गेलो.
त्याने टेम्पो विकला,
म्हणून मी इथे, काचेच्या आत, चकचकीत टाक्यांच्या रांगेत,
खिशात पतपेढीचे पंचेचाळीस हजार
आणि वरचे वीस रेश्माच्या भिशीचे.

पोरगा मायलेज सांगतो.
सगळे मायलेजच सांगतात.
मेहुणा म्हणाला, सव्वाशे सीसीच्या खाली नको, चढाला रडते.
सासरे म्हणाले, काळी घ्या, विकताना बरं पडतं.
गाडी अजून घ्यायची होती.
इनास मेस्त्री पाना पुसत म्हणाला,
"माका इचारशीत तर जुनी घे,
जुनयेचो रोग म्हायत आसता."

माझी उंची पाच फूट एक.
सव्वाशेवर बसलो तर एक पाय जमिनीला, दुसरा हवेत,
खांबापाशी कुत्रा उभा राहतो तसा.
पोरगा हसला नाही. चांगला पोरगा.

मी खाली वाकून चेसिसला नख लावून बघतो.
बावीस वर्षं मिठाच्या पाण्यात बर्फाचे डबे बुडवतोय,
मीठ कुठून शिरतं ते मला विचारा.
जोडातून.
टाकीवरचे पट्टे खाऱ्या वाऱ्याला दिसतसुद्धा नाहीत,
तो नटामागे जाऊन बसतो
आणि तीन पावसाळे वाट बघतो.

मग मी विचारतो,
बंद असताना कशी चालते?

पोरगा मॅनेजरकडे बघतो.
म्हणजे, ढकलायला?
हो. ढकलायला.

आमच्या खळ्यापासून डांबरापर्यंत पाणंद आहे.
दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, मध्ये जेमतेम एक बैलगाडी.
पहिलं घर तांडेलांचं,
म्हातारीचा डोळा लागतो तोच मुळी तीनला.
पुढे संजीवनी, तिचं बाळ सत्तावीस दिवसांचं.
मग चिंतामणी, ट्रॉलरवरून दोनला येतो,
पाय न पुसता आडवा होतो.
तिघांच्या खिडक्या पाणंदीवर, हातभर अंतरावर.
तिथे मी किक मारायची?

अंगणात तीन गाड्या काढल्या.
एक जड, वळवताना अंगावर आली.
दुसरीची चेन कव्हरला घासून कुरकुरत होती,
दिवसा ऐकू न येणारं कुरकुरणं.
मॅनेजर फोनवर बोलत होता, त्याला म्हटलं, जरा गप्प राहता?
तिसरी शंभर सीसी, तारांची चाकं, सेल्फ नाही,
रंग पिकल्या केळीसारखा, कोणी न घेतलेला.
एका हाताने सीट, एका हाताने हँडल,
फाटकापर्यंत आली आणि परत आली,
बकरीसारखी.

मी पैसे मोजले.

आता रोज साडेतीनला रेश्मा बॅटरी धरते,
मी गाडी न्यूट्रलमध्ये घालतो.
गडग्यावरचं मांजर एक कान हलवतं, उठत नाही.
डांबरावर पहिली किक फुकट जाते, दुसरी लागते.
दुपारी येतानाही डांबरावरच बंद करतो,
कारण बाळ तेव्हाही निजलेलं असतं;
येताना चढ, शर्ट पाठीला चिकटतो.

वाडीत बोलबाला झाला आहे
की माझी नवी गाडी रोज बंद पडते.
चिंतामणीने दोन ओळखीचे मेस्त्री सुचवले.
संजीवनी दारातून हळहळते,
"भाऊनु, फसवल्यानी तुमका, परत करून टाका ती."
आणि तांडेलांची म्हातारी पायरीवरून, खणखणीत आवाजात,
"मेल्या, स्वस्तातली घेतलंस मा? आता ढकल!"

ढकलतंय गे, म्हणतो मी.
हळू बोल.