भट्टीच्या भिंतीकडची खाट

मडगावात, जुन्या स्टेशनच्या मागे,
जिथे पूर्वी पोदेराची भट्टी होती
तिथे आता एकवीस खाटा आहेत,
एक शिवणयंत्र, दोन न्हाण्या,
गुरुवारी येणारी डॉक्टरीण,
आणि मी, रात्री आठ ते सकाळी सहा.

भट्टी विझून चौदा वर्षं झाली.
तिच्या तोंडाशी आता आम्ही चपला ठेवतो.
पण संध्याकाळी दार उघडलं की
ज्याला त्याला खाट हवी असते भिंतीकडचीच.
"थंय ऊब आसता," बोस्त्यांव म्हणतो,
सत्तावीस वर्षं जहाजावर रांधलेला माणूस,
अर्ध्या जगाची बंदरं तोंडपाठ
आणि नावेलीच्या घराला भावाचं कुलूप.
मी हात लावून पाहिलाय त्या भिंतीला.
थंडगार. श्रावणापासून ओलसरही.
सांगितलं नाही कुणाला.
यादी केली फक्त: आज कोण, उद्या कोण.

इरप्पा कोप्पळचा.
चिरेखाणीत दगड उचलून उचलून
बोटांवरच्या रेषा गेल्या त्याच्या.
आधारच्या यंत्रावर अंगठा ठेवला,
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
खोबरेल लावलं, कोमट पाण्यात बुडवला,
पुन्हा प्रयत्न करा.
तो हसला. म्हणाला, बाई,
माझे ठसे सगळे लोकांच्या घरांत गेले,
कुंपणांच्या भिंतींत, एका इगर्जीच्या पायरीत,
तिथून आणायचे कसे?
करंगळी तेवढी उरली होती.
करंगळीवर मिळाला त्याला पत्ता,
म्हणजे आमचाच: द्वारा, जुनी भट्टी.

पत्ता हा आमच्याकडचा सर्वांत खपाचा माल.
पोस्टमन गठ्ठा टाकून जातो:
बँकेची पत्रं, कोर्टाच्या तारखा,
कोल्हापुराहून एक राखी, भाद्रपदात पोचलेली,
ज्याच्या नावाची
तो आषाढातच निघून गेला होता.
कुठे, ते लिहायला रकाना आहे रजिस्टरात.
मी तिथे रेघ मारते.
राखी पिठाच्या जुन्या डब्यात ठेवली आहे.

भांडणंही होतात. देणगीदारांना हे सांगत नाही आम्ही.
साबणावरून, पंख्याच्या दिशेवरून.
एकदा भट्टीच्या पोटात बाटली सापडली
आणि दोन रात्री मी एकाला बाहेर ठेवलं.
नियमच आहे.
त्या दोन रात्री समोरच्या गाड्याखाली
त्याचे पाय दिसत होते खिडकीतून.
मी खिडकी लावली. मग उघडली.

परवा पावणेदोनला पोलिसांनी आणून सोडली
मंजव्वा, कडेला पोर, पोराच्या हातात
एकाच पायातला बूट.
दुसऱ्याचं विचारायचं नसतं पहिल्या रात्री.
खाटा भरलेल्या.
बोस्त्यांव उठला, चादर झटकून म्हणाला,
"हांगा निद, बाय, हांगा ऊब आसा."
आणि स्वतः बाकावर बसून राहिला,
रॉटरडॅमला बर्फ कसा पडतो ते सांगत,
कुणालाच नाही.

पोर भिंतीला चिकटून झोपलं.
चारच्या सुमाराला मीही टेकले तिथेच,
पाच मिनिटं, खाली जमिनीवर,
पाठ भट्टीला लावून.
खोटं कशाला सांगू,
उठवलं ते पोरानेच, सहा वाजून गेल्यावर.

कदंबा बसमध्ये मागच्या सीटवरची बाई म्हणाली,
"बाय, तुजे फाटीक चुनो लागला."
माहीत आहे, मी म्हटलं.
रोज सकाळी आमच्या दारातून बाहेर पडणाऱ्या
चार-पाच जणांच्या पाठीवर असतो तो.
मासळी बाजारात, बांधकामावर, नगरपालिकेच्या रांगेत
त्यावरूनच ओळखते मी त्यांना मागून.
तिने झटकायला हात पुढे केला.
मी जरा पुढे सरकून बसले.