तुशो

आमच्याकडे मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा
त्याच्या घोट्यांना लोकरीची दोरी बांधतात,
एक पदर काळा, एक पांढरा.
गावची पोरं लांबून पळत येतात,
पहिला येईल तो सुरीने ती कापतो.
त्याला म्हणतात तुशो. मग चहा, बोर्सोक, नुसता गलका.

बुरुल्चाच्या घरी ती दोरी सात वर्षं खुंटीला होती.
आयझिरेक जन्मली तीच पाय दुमडून,
करडाच्या पायांहून बारीक.
कुणी म्हणालं, बापाने गाभण मेंढी कापली.
कुणी म्हणालं, आईने ग्रहण पाहिलं.
मोल्दोने ताईत दिला, एक कोकरू घेऊन.
आणि जी माणसं चांगली, ती म्हणायची,
"देवाने लवकर न्यावं, सुटेल बिचारी,"
तिच्यादेखत,
जणू पोरीचे कानही पायांतच होते.

मी काही बोलले नाही.
मी फक्त, बेकतुर पोटात असताना,
पाण्याला वरच्या वाटेने जायची,
दोन बादल्या, बर्फ, अर्ध्या कोसाचा वळसा,
त्यांच्या कुंपणावर नजर पडू नये म्हणून.
बुरुल्चाने ते पाहिलंय.
तिची खिडकी त्याच अंगाला आहे.

या जूनमध्ये ती दारोदार फिरली.
"रविवारी तुशो आहे."
"कुणाचा?" लोकांनी विचारलं, ठाऊक असून.
माझ्या सासूने दार पुरतं उघडलंच नाही.

रविवारी तीन पोरं आली.
तिसरा माझा. मी धाडला नव्हता,
तळणाच्या वासाने गेला असेल.
त्याला शोधत मी कुंपणापाशी.

आयझिरेक नमद्यावर बसलेली, दोरी बांधून.
बेकतुर पहिला आला, धापा टाकत.
बुरुल्चाने सुरी पुढे केली
तोच पोरगी किंचाळली,
"लबाड! हा आधी निघाला. पुन्हा पळा!"

पुन्हा पळाली.
"तो पडला, हे धरायचं नाही. पुन्हा!"
चार वेळा पिदवलं तिने त्यांना.
चौथ्यांदा माझा पोरगा तिच्याशेजारी आडवाच झाला
आणि दोघं खिदळायला लागली.
दोरी कुणी कापली, मला दिसलं नाही.
बुरुल्चा माझ्याकडे बघत होती.

आमच्यात पाहुण्याला चहा अर्धा वाडगा देतात,
त्याने पुन्हा मागावा म्हणून.
काठोकाठ भरला, की समजायचं, निघा.

तिने वाडगा पुढे केला.
हात लावण्याआधी
मी आत डोकावून पाहिलं.