उठलेली रेघ

बुकिंग सकाळी अकराला उघडणार होतं.
मी दहालाच दाढी करून बसलो.
पॅनकार्ड चष्म्याच्या घराखाली,
आणि ईशानीने तीनदा बजावलेला पासवर्ड
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर.
अकरा वाजून चार मिनिटांनी पैसे गेले.
चांदीचं, प्रूफ, शंभराचं नाणं
साडेसहा हजारांना.
"त्याची कोथिंबीर तरी येईल का?" शालनने विचारलं.
नाही येणार. तसं छापलेलंच असतं:
चलनासाठी नाही.

एकतीस वर्षं मी ह्याच टांकसाळीत ठसे घासले.
हिऱ्याची पूड तेलात कालवून,
काडीच्या टोकाला लावून, भिंगाखाली.
दीपगृह असो की कुणा थोराचं कपाळ,
ते कोरणारे वेगळे.
माझ्याकडे त्यांच्याभोवतीचं रिकामं आकाश.
ते इतकं घासायचं
की घासणाऱ्याला त्यात स्वतःचं नाक दिसावं
आणि हात मात्र कुणाला दिसू नये.
संध्याकाळी फाटकावर झडती.
डबा उघडा, चपला काढा, टोपी झटका.
एकतीस वर्षांत एकही नाणं
माझ्याबरोबर बाहेर आलं नाही.
पगारसुद्धा नोटांत व्हायचा.

फोर्टातून माझगावला, आमच्या भंडारवाड्याच्या चढावर,
मी पाऊण तासात चालत यायचो.
नाण्याला सात महिने लागले.
ऑर्डर प्रक्रियेत आहे.
ऑर्डर प्रक्रियेत आहे.
रोज रात्री पाहायचो, गोळी घेतल्यावर.
प्रक्रिया मला कोण सांगणार?
चकती निवडायची, धुवायची, टिपायची,
दाबाखाली एक ठोका, आणि जागची न हलवता
तिथेच दुसरा.
गल्ल्यात जायचं त्याला एक ठोका पुरतो,
कपाटात बसायचं त्याला दोन लागतात.
ह्याला सात महिने लागत नाहीत, हेही माहीत होतं.
पण मी सरकारी माणूस.
वाट पाहण्याचीच तर पेन्शन घेतो.

काळसेकर पोस्टमनने आकडे विचारले, सही घेतली.
निळी पेटी, आत मखमल, मखमलीत डबी.
ईशानीचे परेडचे पांढरे हातमोजे
माझ्या बोटांत अर्धेच गेले.
ओट्यावर टाकून खण्णकन वाजवून बघावं, तर तीही सोय नाही.
उजेडात धरलं.
आकाशात आमचा पंखा, ट्यूबलाइट,
कपाटाच्या दाराचा कोपरा,
आणि नाक. माझंच.

मग दिसली ती.
दीपगृहाच्या डावीकडे, समुद्र संपतो तिथे,
केसाएवढी रेघ.
भिंग काढलं. खोल असती
तर म्हटलं असतं, चकतीवरची असेल, पुसताना पडली असेल.
पण ही उठलेली होती.
म्हणजे ओरखडा ठशावर.
म्हणजे कुणाची तरी काडी सुटली.

अठ्ठ्याऐंशीत माझी सुटली होती.
डिमेलोसाहेबांनी ठसा खिडकीशी नेला,
बराच वेळ धरला, काही बोलले नाहीत.
माझ्यासमोर परत ठेवला,
आणि आपल्या थर्मासच्या झाकणात
मला चहा ओतून दिला.
त्या दिवशी फाटकावर झडतीवाला चिडला होता,
आम्ही दोघं आठ वाजता बाहेर पडलो म्हणून.

तक्रारीला दहा दिवसांची मुदत असते.
"परत करा," शालन म्हणाली, "एवढे पैसे ओतलेत."
अकराव्या दिवशी मी आणखी एक मागवलं.
"जोडी लावताय?"
तिला कसं सांगू?
ही रेघ दुसऱ्यावरही असेल
तर त्या पोराचा ठसा कुणी उजेडात धरला नाही.
नसेल, तर कुणीतरी आठपर्यंत थांबलं.
किंवा नसेल,
तर ठसा बाद केला आणि पोरालाही.
हे तिसरं मला रात्री सुचलं.
नाण्यावरून ते कळणार नाही.

ऑर्डर प्रक्रियेत आहे.
भिंग पुसून ठेवलंय.