वितीला चार बोटं कमी

होटगी रोडच्या शेडमध्ये उभी होती ती,
दोन दारांची, लाल,
अंगावर सुताचा भुरा.
इरय्या गज्जमनं आधी बॉनेट उघडलंच नाही.
पालथा पडला, चाकांमध्ये वीत लावली.
"चार बोटं कमी. अशोक चौकातला गतिरोधक
हिला पोटाशी धरून ठेवील."

मी विचारलं, एसी?
मे महिन्यात विचारतात तसं.

डिकीत टॉवेलांचे दोन गठ्ठे बसवून पाहिले.
एक बसला.
दुसरा मांडीवर घेऊन चावी फिरवली,
तर शेजारचे यंत्रमाग
ऐकायला थांबल्यासारखे वाटले.

इरय्या हात पुसत म्हणाला,
"रोज नेणार असाल तर नगा घेऊ."
मग फडकं खांद्यावर टाकून,
"आन् रोज नेणार नसाल,
तर घेता कशाला?"