उतारा

दुपारी बारा ते चार काम बंद.
सरकारचा नियम आहे, आणि उन्हाचाही.
सित्र्याच्या कॅम्पात, खोली नंबर चौदा,
वरच्या बंकवर भिंतीला पाठ लावून
मी उतारा वाचतो.

अफीफा फोटो पाठवते तिच्या आठवीच्या पुस्तकाचे.
पानाच्या कोपऱ्यात तिचा अंगठा येतो,
नखावरची मेंदी अर्धी उडालेली.
'अब्बा, पाच प्रश्न आहेत. उत्तरं पूर्ण वाक्यात.
मागच्या वेळी नुसतं येस लिहिलंत.'

उताऱ्यात एक म्हातारा आहे, मिस्टर हॉल्ट.
त्याच्या गावात बर्फ पडतोय, कुत्रा हरवलाय.
पोर्च. स्लश. मिटन.
बाहेर सावलीत त्रेचाळीस,
टाकीच्या पाण्यात चहापत्ती टाकावी इतकं ते तापलेलं,
आणि मी मोबाईलवर हातमोजे शोधतोय,
ज्यांत चार बोटं एका घरात राहतात
आणि अंगठा एकटा.
हा शब्द एकदाच वाचून पाठ झाला.

आमच्या मंडणगडात उतारा म्हणजे तलाठ्याचा कागद,
त्यात आपलं नाव कितव्या ओळीवर आहे ते बघायचं.
विष चढलं तर उतारा.
शेजारची आनसाकाकू तिन्हीसांजेला तिठ्यावर
भात ठेवून यायची, मागे न बघता, तोही उतारा.
हा चौथा. याच्याखाली प्रश्न असतात.

पहिल्या वर्षी नाक्यावरची पाटी वाचली, कोल्ड स्टोअर.
वाटलं, मासळी ठेवायचं गोदाम असेल.
दोन महिने खुबूस आणायला पार पेट्रोलपंपापर्यंत चालत गेलो.
आत खुबूस, अंडी, साबण, फोनचं कार्ड, सगळं होतं.
दुकानदार कुंजुमोन अजून येईल त्याला ही गोष्ट सांगतो.

आपल्याकडे पाना म्हणजे पाना.
इथे आधी ठरवावं लागतं, कुठलातरी पाना
की तोच, ज्याची दोघांनाही ओळख आहे.
'अब्बा, परत द राहिला.'
माझे निम्मे मार्क त्या द-पाशी अडलेत.

पण कधी त्यांच्याकडेच शब्द कमी पडतो.
रमजाननंतर नोटीस लागली :
वी विल मूव्ह टु द न्यू कॅम्प.
तीनदा वाचली. एकही शब्द अडला नाही.
पण वी म्हणजे कोण? आम्ही, की आपण?
फोरमनला विचारलं. तो म्हणाला, वी मीन्स वी.
अफीफा म्हणाली, थांबा, टीचरांना विचारते.
टीचर सांगायच्या आत ट्रक आले.
ऑफिसची टेबलं गेली, नवे एसी गेले,
पाण्याचा कूलरसुद्धा गेला.
आम्ही होता तो.

सोमवारी परीक्षा. स्कॅफोल्डिंग सुपरवायझर, तिसऱ्यांदा.
कपलर नीट बसला की नाही
हे मला खाली उभं राहून, नुसत्या आवाजावरून कळतं.
पण पेपरात आवाज नसतो.
पेपर विचारतो, तिसऱ्या परिच्छेदात लेखकाला काय सुचवायचंय?

पाचवा प्रश्न : मिस्टर हॉल्ट कुत्रा न घेताच परत का फिरला?
मी लिहिलं, त्याला वाटलं, कुत्रा आधीच घरी पोचला असेल.
तिचा लाल शेरा आला :
'उताऱ्यात असं नाही. अंधार पडला म्हणून. अर्धा मार्क.'

खाली सहावा प्रश्न होता. पुस्तकातला नव्हता,
पेन्सिलीनं लिहिलेला, तिच्या तिरक्या अक्षरात :
व्हेन इज युअर फादर कमिंग होम?

नियम मला येतो. मागच्याच आठवड्यात तिनं शिकवला.
तिकीट काढलेलं असेल तर अॅम कमिंग.
नुसतं मनात असेल तर विल.
बराच वेळ टाईप केलं, खोडलं.
खालच्या बंकवरचा दिलबहादूर घोरत होता.

मी विल लिहिलं.
पूर्ण वाक्यात.

चार वाजायला पाच मिनिटं असताना
तिनं तपासून पाठवलं.
बरोबरची खूण. एक मार्क.