नावं झाकण्याचं काम

आचारसंहिता लागली त्या संध्याकाळी
कोळंबवेळ नगरपंचायतीचा शिपाई सायकलवरून आला.
"पेंटर, भाईंची नावं झाकायचीत. उद्या दुपारपर्यंत."
मीच लिहिलेली. दहा वर्षांत, एकेक करून.
खळ शिजवली, रद्दी घेतली, पोराच्या खांद्यावर शिडी दिली.

जेटीपासून धरलं.
जेटी, बर्फाची शेड, लिलावाचा ओटा,
एसटीचा थांबा, खाडीकडच्या पायऱ्या,
मसणवटीतला पत्र्याचा निवारा,
मुतारीसुद्धा.
'मा. नगराध्यक्ष श्री. जयवंत टिकम यांच्या प्रयत्नातून.'
एकदा प्रयत्नातला र माझ्याकडून निसटला होता.
भाई हसले. पैसे कापले नाहीत.
असा माणूस.

नुसती बाकंच तेवीस.
सगळं मिळून एक्केचाळीस.
एवढी असतील हे मलाही ठाऊक नव्हतं,
झाकायला निघालो तेव्हा कळलं.
आणि गाव पुढचा महिनाभर
माझे कागदाचे चौकोनच वाचत बसलं.
थांब्यावरची पोरं चौकोनावर बोट ठेवून
भाईंचं पूर्ण नाव म्हणायची, 'मा.' सकट.

समोर रेवती खवणेकर.
लिलावात तिचा आवाज दीपगृहापर्यंत जातो,
पण गावातल्या एका दगडावर तिचं अक्षर नाही.
चार कापडी फलक केले, परवानगी काढून.
दोन वाऱ्याने नेले.
भाईंना आपण कोण हे सांगावं लागत नव्हतं.
दाखल्यावर सही त्यांची,
बारशाला आणि बाराव्याला पुढची खुर्ची त्यांची,
रात्री-अपरात्री बाळंतिणीला गाडी हवी तर फोन त्यांना.
तिला मात्र प्रत्येक पायरीवर
आधी बापाचं नाव सांगावं लागे,
मग स्वतःचं.

जेटीच्या टोकाचा उंच दिवा
गणपतीपासूनच बंद होता.
त्याच्या खांबावरही माझा एक चौकोन.
मतदानाला नऊ दिवस असताना
काळोखात परतणारी एक होडी खडपावर चढली.
माणसं पोहत आली. जाळी गेली.
सकाळी म्हातारी गोदाक्का पाटी खाली ठेवून
खांबासमोर उभी राहिली,
नखाने कागद सोलला,
आणि वर दिव्याकडे बघत म्हणाली,
"बत्ती तुझी, नाव तुझा,
मगे काळोख कोणाचो रे?"

त्यानंतर सगळंच भाईंच्या नावावर चढायला लागलं.
खाडीच्या तोंडावर साचलेली वाळू.
बांगडा आलाच नाही ती दोन वर्षं.
परक्या ट्रॉलरांचे रात्रीचे दिवे,
गावातल्या दिव्यांपेक्षा जास्त.
डिझेलचा अडकलेला परतावा,
ज्यासाठी भाई तीनदा मुंबईला जाऊन आले होते.
सभेत ते म्हणाले,
समुद्र नगरपंचायतीच्या हद्दीत येत नाही.
खरं होतं.
लोक हसले.

एकसष्ट मतांनी.

कागद काढायचं काम कोणी दिलं नाही.
दंवाने, खाऱ्या वाऱ्याने ते आपसूक सुटत गेले,
काही ठिकाणी खालचा तांबडा रंगही घेऊन.

रेवतीबाईंनी पहिल्याच आठवड्यात दिवा लावून घेतला.
मी खांबाशी उभा, ब्रश धुतलेला.
"नाव नको," म्हणाल्या नि निघाल्या.
वळणापर्यंत गेल्या, परत आल्या.
"घालतातच काय ते? केवढं असतं?"
मी वीत दाखवली.
त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं,
मग वर दिव्याकडे.
काही बोलल्या नाहीत.

भाई हल्ली संध्याकाळी जेटीवरच्या बाकावर असतात.
टेकून बसले की पाठ बरोबर नावावर येते.
परवा मला थांबवून विचारलं,
"त्या शेवटच्या बाकाचं बिल दिलं होतं ना मी?"
दिलं नव्हतं.
हो म्हणालो.